उरलेला तुकडा

शिंप्याकडून कपडा घरी आला की आपण बटणं बघतो, शिवण बघतो, आरशासमोर दोनदा वळून बघतो. पण उरलेलं कापड कुठे गेलं, असं आपल्यापैकी कितीजण विचारतात? कुणीच नाही. म्हणून तर या गोष्टीतल्या मास्तरांचं फावलं होतं.

मास्तर लबाड नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कोट शिवावा तर त्यांनीच. त्यांनी शिवलेला कोट घातला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ चालायला लागायचा. फक्त एक खोड होती. कापड किती लागेल असं कुणी विचारलं, की मास्तर हातभर जास्तच सांगायचे. उरलेल्या तुकड्याची छान घडी व्हायची आणि ती कटिंगच्या टेबलाखालच्या पेटीत जायची. ते तुकडे त्यांनी कधी विकले नाहीत की वापरले नाहीत. पेटी भरली तेव्हा दुसरी आणली, ती भरल्यावर तिसरी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की झाकण उघडून तुकड्यांवरून हात फिरवायचा, एवढंच काय ते सुख. त्यांची मोठी बहीण दुकानात काज-बटणं करायची. पेट्यांपायी पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून ती कुरकुरायची आणि मास्तर ते हसण्यावारी न्यायचे.

मास्तरांच्या हाताखाली त्यांची लेक कटिंग शिकली होती. तिचं त्यांना कोण कौतुक! हा खिसा माझ्या मुलीनं बसवलाय, हे ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगायचे.

एका सकाळी एक बस कंडक्टर बाई दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी गडद हिरवं लोकरी कापड काढलं. त्यांच्या आईनं स्वतःच्या कोटासाठी हौसेनं घेतलेलं, आणि आज शिवू, उद्या शिवू करत कपाटातच राहिलेलं. आई आता नव्हती. निदान आपल्या अंगावर तरी तिचा कोट यावा, एवढीच बाईंची इच्छा होती.

मास्तरांनी बाईंचं माप घेतलं, कापडावर टेप टाकली आणि मान हलवली. कापड कमी पडतंय म्हणाले. फार तर बिनबाह्यांचं जाकीट होईल. असं कापड आता बाजारात मिळत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. जाकीट तर जाकीट, म्हणून त्या कामावर निघून गेल्या.

लेकीला मात्र चैन पडेना. मास्तर चहाला बाहेर गेले तसं तिनं ते कापड टेबलावर पसरलं आणि कोटाचे कागदी नमुने त्यावर मांडायला घेतले. कापडावर नक्षी नव्हती, एकच सपाट रंग होता. तिनं बाह्या उलट्या करून पाठीच्या कडेला सरकवल्या, कॉलर मधल्या बेचक्यात बसवली. मास्तर परत आले तेव्हा ती टेबलापाशी नुसती उभी होती.

"बाबा, पुरतंय," ती म्हणाली.

मास्तर भडकले. आयुष्यभर कोट कापणाऱ्याला तू शिकवणार का, म्हणाले. तेव्हा सुई खाली ठेवून त्यांची बहीण उठली.

"तू त्या बाईशी खोटं बोलला नाहीस, हे मला ठाऊक आहे," ती शांतपणे म्हणाली. "तेच तर वाईट आहे. कपड्याला लागतं ती गरज. चुकलंमाकलं तर असावं म्हणून चार बोटं जास्त मागितलं, तर ती काळजी. एखादा तुकडा बघून जीव अडकला, तर तो मोह, आणि तो कुणाला सुटलाय? पण पेटी भरल्यावर तू दुसरी पेटी आणलीस ना, ती हाव. आता तुझा वाटा धरल्याशिवाय तुला मापच दिसत नाही. कापड चोरलंस ते लोकांचं. नजर गेली ती तुझी."

टेप घेऊन मास्तर टेबलावर वाकले. एकेक नमुना त्यांनी तपासला. शिवणीची जागा सोडली होती. खालची दुमड धरली होती. कुठेतरी चूक सापडावी, असं त्यांना फार वाटत होतं. चूक नव्हती! कटिंगमध्ये ज्याचा हात कुणी धरत नव्हतं, त्याला धडधडीत पुरणारं कापड कमी दिसलं होतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतही लेकीकडे बघून ऊर भरून आला.

त्यांनी कात्री तिच्यापुढे धरली. तिचा हात पुढे येईना. एक रेघ चुकली तर बाईंच्या आईचं कापड कायमचं जाणार होतं. तुम्हीच कापा, म्हणाली.

"माझ्या नजरेवर आज माझा भरवसा नाही," मास्तर म्हणाले. "तुझ्यावर आहे. काप."

तिनं कापलं. कोट पुरा निघाला आणि वर तळहाताएवढा तुकडा उरला.

कोट न्यायला बाई आल्या तेव्हा दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. बाह्या बघून बाई चकितच झाल्या. कसं जमवलंत, विचारू लागल्या. लेक बापाची बाजू सावरायला काहीतरी सांगणार, तोच मास्तरांनी तिला थांबवलं.

"कापड कमी नव्हतं, बाई. माझी हाव जास्त होती. कोट हिनं कापलाय."

बाईंनी कोट चढवला, खिशात हात घातला आणि हाताला तो उरलेला तुकडा लागला. त्यांनी तो गालाला लावला. आईचं काहीच वाया गेलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या आणि लेकीला त्यांनी जवळ घेतलं.

मग पेट्या उघडल्या. कुठला तुकडा कुणाचा, हे मास्तरांना बहुतेक आठवत होतं. ज्याचे त्याला परत करायला ते स्वतः दारोदार गेले. काहीजण हसले. एकानं तोंडावर दार लावलं आणि पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. मास्तरांनी तेही निमूटपणे घेतलं. टेबलाखालची जागा मोकळी झाली, तेव्हा त्यांच्या बहिणीनं आधी पाय लांब करून बघितले.

वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी पेटी असेल. ती कापडाचीच असते असं नाही. गरज भागली की थांबता येतं. हाव मात्र दुसऱ्याचं तर घेतेच, वर आपल्याजवळचं जे खरं मोलाचं, तेही खाऊन टाकते. मास्तरांना ते वेळेवर कळलं.

आता कापड किती लागेल असं कुणी विचारलं, की मास्तर टेप गळ्यातच ठेवतात. "थांबा, लेकीला विचारतो," म्हणतात. आणि हे म्हणताना त्यांची मान ताठ असते.