सोनगीरचा बांध

सोनगीरचा गहू गेला आणि रत्ना खुर्चीतून उठलीच.

खरं सोनगीर आपल्या जागी होतं, तिथल्या गव्हाला काही धाड भरली नव्हती. हे सोनगीर कॉम्प्युटरमधलं. अभयकुमार शेठच्या धुळ्याच्या क्लासमध्ये एक खेळ होता. त्यात यक्ष होते, राक्षस होते, जादूगार होते, पण रत्नाला त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. तिला आवडायचं गाव वसवायला. गाव वसवलं की त्याच्याभोवती एक रंगीत रेघ उमटायची. रेघेच्या आतलं ते गावाचं शिवार. आतल्या शेतावर लोक जगायचे, आतल्या खाणीतून हत्यारं व्हायची. रत्नाची रेघ निळी. सोनगीर, लळिंग, कापडणे, अशी ओळखीचीच नावं तिनं आपल्या गावांना दिली होती.

समोरची रेघ लाल. ती हेमराजची.

हेमराज पाटील शेठच्या जळगावच्या क्लासमध्ये शिकवायचा, रत्ना धुळ्याच्या. सोयरीक शेठनंच सुचवली, पत्रिका जुळली, साखरपुडा झाला आणि लग्न आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावरच्या मुहूर्तावर ठरलं. आता साखरपुडा झालेल्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं कुठं? फोन घरात, तो बैठकीत, आणि बैठकीत तिचे वडील, नाना. मग हेमराजनं डोकं लढवलं. आपली खेळी खेळायची, खेळ फ्लॉपीत भरायचा आणि फ्लॉपी एस.टी.नं धुळ्याला धाडायची. रत्नानं आपली खेळी करून ती परत पाठवायची. जळगाव-धुळे गाडीचा कंडक्टर लोटन हा रत्नाचा मामा, त्यामुळे पोस्टमनचीही गरज नव्हती.

"हाई काय शे व पोरी? जादूटोना ते नही ना?" लोटनमामा फ्लॉपी उलटीसुलटी करून विचारायचा आणि खिशात टाकायचा.

पहिले काही दिवस मोठ्या मजेचे गेले. मग हेमराजच्या एरंडोलची लाल रेघ सरकायला लागली. आधी ओढ्यापलीकडची टेकडी गेली. रत्ना म्हणाली, जाऊ दे. मग आंब्याची राई गेली. आणि आज सोनगीरचा गव्हाचा तुकडाच लाल रेघेच्या आत गेला. सोनगीरचे लोक उपाशी पडले. हेमराजनं ना सैन्य हलवलं, ना काही कळवलं. वर फ्लॉपीबरोबर केळीच्या वेफर्सची पुडी धाडली होती.

त्या वेफर्सनंच रत्नाचं डोकं फिरलं. कारण असं गोड बोलून खाणारं माणूस तिनं घरातच पाहिलं होतं.

पुनाकाका हे नानांचे सख्खे भाऊ. दर नांगरटीला काका सामाईक बांधाची एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आपल्याकडे घ्यायचे. एकच तास, फार नाही. आणि संध्याकाळी चहाला बोलवायचे. नानांनी बांधाकडे पाहिलं की काका खळखळून हसायचे. "आपल्या माणसांत बांध कोण मोजतं रे!" नाना चहा प्यायचे आणि गप्प घरी यायचे. असं करत करत बांधावरचं निंबाचं झाड काकांच्या शेताच्या मधोमध जाऊन उभं राहिलं. त्या झाडाखाली लहान रत्ना भातुकली खेळायची. पुढं तिथं पाय ठेवला तर काकू विचारायची, "काय गं, इकडं कुठं?"

आता बांध कोरणाऱ्याच्या घरात जन्म काढायचा? आज कॉम्प्युटरमधला गहू, उद्या पगार, परवा आईनं घातलेल्या पाटल्या, आणि दरवेळी वर वेफर्स! मेलं हे लग्न, असं तिच्या मनात आलं आणि लगेच तिची तिलाच भीती वाटली. पत्रिका छापून झाल्या होत्या. घरात पापड-कुरडया वाळत होत्या. नुसत्या संशयावर लग्न मोडलं तर नाना गावात तोंड कसं दाखवतील? आणि नाही मोडलं तर?

संतापाच्या भरात तिनं लळिंगचं सगळं सैन्य काढलं, आगीचे गोळे फेकणारा जादूगार पुढं घातला आणि एरंडोलवर तुटून पडली. एरंडोलमध्ये राखणीला एक म्हातारा भालदार, बस्स. शहर पडलं, निळं झालं. घ्या आता! रत्नानं फ्लॉपी भरली आणि स्टँडवर जाऊन मामाच्या हातात दिली. गाडी हलली तेव्हा तिला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं क्लासमध्ये परत येईपर्यंतही टिकलं नाही.

मशीन चालूच होतं. जिवाला चैन नव्हतं, म्हणून ती तोच खेळ एकटीच पुढं खेळत बसली, सहज, दोन्हीकडच्या खेळ्या आपणच करत. लळिंगमध्ये नवं देऊळ बांधून झालं आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. अशा ओळी रोजच यायच्या. रत्ना कधी वाचायची नाही, एंटर मारून मोकळी व्हायची. आज वाचली. लळिंगची कीर्ती पसरली, शिवार वाढलं, असं लिहिलं होतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत निळी रेघ आपणहून पुढं सरकली.

रत्ना गारच पडली. म्हणजे रेघ कुणी सरकवत नव्हतं! देऊळ बांधलं, शाळा काढली, गाव नावारूपाला आलं की रेघ आपोआप वाढत होती. खेळाची सीडी नकलून आणलेली, तिच्याबरोबर माहितीचं पुस्तक नव्हतं, मग कळणार कसं? एरंडोलमध्ये हेमराजनं चांगलं मोठं देऊळ बांधलं होतं. बांध बिचाऱ्यानं कोरलाच नव्हता.

आणि मग तिनं नकाशा वर सरकवला. उत्तरेला हेमराजचं सागवानी जंगल होतं, त्याच्या जहाजांना लाकूड द्यायचं. ते सगळं निळ्या रेघेच्या आत होतं. कधीपासून, देव जाणे. आपला गहू गेलेला तिला लगेच दिसला होता. त्याचं जंगल आपण गिळलंय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती तशीच चपला घालून स्टँडकडे धावली. पण गाडी थांबते थोडीच? ती पारोळ्याच्याही पुढं गेली असेल.

मग सुरू झालं वाट पाहणं. मामा आला, रिकाम्या हातानं. पुन्हा आला, पुन्हा रिकामा. "काही दिधं नही पोऱ्यानी," एवढंच म्हणाला. आखाजी आली. सासरी गेलेल्या पोरी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले, गाणी सुरू झाली. मैत्रिणींनी रत्नाला ओढून झोक्यावर बसवलं आणि हेमराजच्या नावानं चिडवलं. तिला हसूही येईना. त्यानं फ्लॉपी फेकून दिली असेल. ही बाई लग्नाआधीच फौज घालते, असं घरी सांगितलं असेल. रागावला असेल तर एक वेळ परवडलं. पण रागावला नसेल, नुसता हसला असेल, तर? जंगल गेलं तरी जो चकार शब्द बोलला नाही, त्याच्या पोटात काय आहे हे कळायचं कसं?

पुरणपोळी तिच्या ताटात तशीच राहिली. नाना बघत होते.

"मनमां काय शे ते आते सांग," ते हळूच म्हणाले. "मांडव पडना का मंग कोनी ऐकत नही."

रत्ना तोंड उघडणार होती. पण काय सांगणार? गव्हाचं, की जंगलाचं? "काही नाही नाना," ती म्हणाली, आणि नानांचाच गप्प राहायचा गुण आपल्यात उतरलाय हे जाणवून तिला रडूच आलं.

सणानंतर क्लास उघडला त्या दिवशी भर दुपारी लोटनमामा दारात उभा.

"जवाईबापूलेच ली उनू!" तो म्हणाला आणि कुलरसमोर जाऊन बसला.

मागून हेमराज आला. डोक्यावर रुमाल, अंगावर धूळ, आणि हातात उन्हात वाळवलेल्या पापडासारखी वाकलेली फ्लॉपी.

"मशीननं वाचलीच नाही गं," तो म्हणाला. "मामांनी तापलेल्या बोनटवर ठेवली होती. त्यांच्यामुळेच वाकली, हा निरोप त्यांच्याबरोबरच कसा धाडणार! म्हटलं, आपणच जावं. तू काय खेळलीस?"

म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं! रत्नाच्या मशीनमध्ये लढाईच्या आधीचा खेळ शाबूत होता. तो उघडला असता तर एरंडोल पुन्हा लाल, कुणाला पत्ताही लागला नसता. तिचा हात तिकडं गेलाही. मग तिनं लढाईनंतरचाच खेळ उघडला.

हेमराज वाकून बघत राहिला. "एरंडोल निळं कसं?"

"मी घेतलं. फौज घालून." तिनं सोनगीरवर बोट ठेवलं. "तुम्ही माझा बांध कोरता असं वाटलं मला." मग तिनं सगळं सांगून टाकलं. गहू, वेफर्स, देवळाची ओळ, आणि शेवटी जंगल. "ते मी गिळलं. तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

हेमराज हसला. "आपल्या माणसांत बांध कोण मोजतं!"

शब्दन् शब्द तोच, पुनाकाकांचा. हसणंही तसंच. पण या वेळी ती गप्प बसली नाही.

"मी मोजते," ती म्हणाली. "सोयरीक करीन, चहा करीन, पण बांध मोजूनच. नको असेल तर आत्ता सांगा."

कुलरसमोरचा मामा हातातला रुमाल हलवायचा थांबला. हेमराजचं हसू ओसरलं. तो पडद्यापासून मागं सरला. आता हा निघून जाणार, रत्नाला वाटलं. नाना, पत्रिका, वाळलेले पापड, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"हे वाक्य माझ्या आईचं आहे," तो म्हणाला. "तिच्या वाटणीचं शेत माझ्या मामांनी घेतलं. घर काकांनी. ती दरवेळी हेच म्हणाली. आज शिवणयंत्र सोडलं तर त्या घरात तिचं म्हणावं असं काही नाही. मी लहानपणापासून ऐकलं, म्हणून मीही म्हटलं. जंगल गेलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, रत्ना. खूप वाटलं होतं."

त्यानं खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. माऊसला हात लावला नाही.

"माझं जंगल परत दे," तो म्हणाला. "मग एरंडोलचं बोलू."

रत्नाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नानांनी जन्मभरात एकदा तरी पुनाकाकांना असं तोंडावर म्हणावं, याची तिनं किती वाट पाहिली होती.

"बांध मोजाले तलाठीले बलावू का?" मामा कुलरजवळून ओरडला.

"नको मामा," रत्ना डोळे पुसत म्हणाली, "आम्ही दोघं मोजतो," आणि तिनं नकाशा उत्तरेकडे सरकवला.