एक खरं वाक्य

हेडफोन कानांवरून ओढून तिने टेबलावर आपटला. जेवणाच्या सुट्टीतली अर्धीअधिक मिनिटं त्या अल्बमने खाल्ली होती, डबा उघडून तसाच पडला होता आणि अजून तीन गाणी शिल्लक होती.

श्रवणयंत्रांच्या दुकानात कान तपासणं हा तिचा धंदा. सकाळपासून अकरा जणांना तिने काचेपलीकडच्या छोट्या खोलीत बसवून नाना आवाज ऐकवले होते. ऐकू आला की बटण दाबा, एवढंच काम. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांची सेवा करायची आणि सुट्टीत स्वतःच्या कानांना शिक्षा द्यायची, असलं तिचं नशीब.

शिक्षा देणारा कानसेन. कॉलेजात त्याला हे नाव पडलं, कारण स्वतःला एक ओळ सुरात म्हणता यायची नाही, पण दुसऱ्याची तार जराशी उतरली तरी ती त्याला मागच्या बाकावरून कळायची. चार मित्रांनी मिळून घरातल्या घरात रेकॉर्ड केलेले, कुठल्याही कंपनीने न विचारलेले अल्बम हुडकायचे आणि तिच्या गळ्यात मारायचे, हा त्याचा तेव्हापासूनचा उद्योग. आधी कॅसेटी होत्या, आता लिंका. नियमही त्याचाच. एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं आणि मग एक खरं वाक्य बोलायचं. 'छान' म्हटलेलं चालत नाही. कुरकुरत का होईना, तिने तो नियम पाळला, कारण शंभरातले पाच अल्बम असे निघत की पुढे आठवडाभर ती नवऱ्याशीसुद्धा गोड बोलायची.

पण गेली दोन वर्षं नुसता वैताग होता. नोकरी सोडून त्याने मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलं आणि आता असल्या बँडांचे अल्बम तोच करून द्यायला लागला. एकजात सगळे टोचणारे. गाणाऱ्याचा प्रत्येक 'स' सुईसारखा कानात जायचा. तिने एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं.

"दुकानात बसून बसून तुझे कान नाजूक झालेत," असं म्हणून त्याने ते उडवून लावलं होतं.

आजच्या अल्बमने तर कहर केला होता. सहाव्या गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक बारीक शिट्टी, न थांबणारी. काल घरी लावला, तर नवऱ्याने आतून विचारलं, "कुठला नळ वाजतोय गं?" तिथेच तिने बंद केला, म्हणून आज नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून ऐकायची पाळी आली होती.

दार ढकलून कानसेन आत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"झालं ऐकून? उद्या नेटवर चढवतोय. वाक्य दे."

"सहाव्या गाण्यातली शिट्टी काढ. डोकं उठलं माझं."

"कुठली शिट्टी?"

"सोंग करू नकोस."

"अगं, बासरी आठव्यात आहे."

"बासरी कोण म्हणतंय? शिट्टी. ती पोरं काही बोलली नाहीत तुला?"

"ती कशाला बोलतील? ड्रमवाला तेवढा म्हणाला, दादा, ते मागचं मुद्दाम ठेवलंत ना, भारी वाटतं. मी हो म्हटलं. गिटारबद्दल बोलत असेल."

त्याने हेडफोन उचलून कानांवर चढवला, सहावं गाणं लावलं आणि डोळे मिटले. टेबलाच्या या बाजूला, हेडफोनच्या फटीतून येणारी शिट्टी तिला स्पष्ट ऐकू येत होती.

"स्वच्छ आहे," डोळे न उघडता तो म्हणाला. "आरशासारखं."

तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भीती येऊन बसली. सगळे 'स', सगळ्या झांजा, वरच्या पट्टीतलं सगळंच. त्याला ऐकू येईपर्यंत तो ते वाढवत गेला होता. आणि ज्याला त्याला कान तपासून घ्या म्हणणारी ती, दोन वर्षं त्याच्या आवडीला नावं ठेवत बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बँडमधल्या पोरांना त्याचं नाव ऐकून शिट्टीतही कला दिसली होती. उद्या अल्बम चढला की बाकीच्यांना ती कला दिसणार नव्हती.

"आत बस," तिने काचेकडे बोट केलं.

"मी? कशाला?"

"वाक्य हवंय ना? मग बस."

तो हसत आत गेला आणि तिथला हेडफोन लावून, हातात बटण घेऊन ऐटीत बसला. खालचे, घुमणारे आवाज तिने आधी लावले. अगदी हलके ठेवले तरी तिच्या टेबलावरचा दिवा लगेच पेटत होता. इतक्या चटकन बटण दाबणारा माणूस तिला महिन्यातून एखादा भेटायचा. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.

मग ती वर चढत गेली. एका पट्टीपाशी दिवा उशिरा पेटला. पुढच्या पट्टीला पेटलाच नाही. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला. सकाळी काठी टेकत आलेल्या आजोबांनी याच्या किती तरी आधी बटण दाबलं होतं.

आतून त्याचा आवाज टेबलावरच्या स्पीकरमध्ये आला.

"अगं, लाव की. किती वेळ? का वाक्य सुचत नाहीये?"

तिने माइक जवळ ओढला. काहीतरी थट्टेचं बोलावं आणि वेळ मारून न्यावी असं फार वाटलं.

"लावलाय," ती म्हणाली.

काचेपलीकडे तो थोडा वेळ तसाच हसरा चेहरा करून बसून राहिला. मग त्याने अंगठा बटणावरून उचलला आणि दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.