नंबर मागणारा आवाज

मित्रांनो, जपानमधल्या फुनाबोरी स्टेशनमागच्या एका लहान दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर सतरा वर्षं बसलेला टेलिफोन तो मीच. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे. कारखान्यात माझी घंटा तपासून मला खोक्यात घातलं, त्यातलं फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य माणसांच्या आवाजांनी सुरू झालं.

तेव्हा नोंदणीवरच्या होशिनो-सान, म्हणजे होशिनोबाई, मला उचलत आणि आधी विचारत, "काय होतंय?" सुप्रभाताईंना तर त्या नुसत्या 'हॅलो'वरून ओळखत. सुप्रभाताई मूळच्या पुण्याच्या. नवऱ्याच्या, सुशीलच्या, नोकरीमुळे इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. लेक क्षिप्रा तापाने फणफणली तेव्हा त्यांनी मोडक्यातोडक्या जपानीत पहिला फोन केला. अडलं की मराठीत पुटपुटत, "अगंबाई, घशाला काय म्हणतात?" होशिनो-सान हसून थांबत. अशा मराठी घरांतून येणाऱ्या फोनमुळे मलाही मराठी कळू लागली. पुढे ताईंची जपानी स्वच्छ झाली. डॉक्टर म्हणत, "या फोनवर माझा दवाखाना चालतो." मला फार बरं वाटे.

मग होशिनो-सान निवृत्त झाल्या. मोबाइलच्या ॲपवरून तपासणीचा नंबर घ्यायची सोय आली. सकाळी सहाला नंबर खुले होत आणि अर्ध्या तासात संपत. सोय वाईट नव्हती, तरुण आईबापांचे हेलपाटे वाचले. पण ज्यांना ती जमत नव्हती ते साडेआठला मलाच फोन करत, आणि तोवर द्यायला नंबरच उरलेला नसे. नव्या मोरिता-सान एकट्या. समोर वीस माणसं, कानाशी मी. पुष्कळदा मी वाजून वाजून गप्प होई.

गेल्या नोव्हेंबरात एका सोमवारी माझ्या पडद्यावर सुप्रभाताईंचा फोन नंबर अकरा वेळा उमटला. बाराव्यांदा मोरिता-साननी मला उचललं.

"सकाळी उजव्या हातातून कप पडला," ताई म्हणाल्या. "हात बधिर झाला होता. आता बरा आहे."

"ताप आहे का?"

"नाही."

"मग पुढच्या गुरुवारी या. आधी हवं असेल तर ॲपवर बघा."

"बरं," ताई म्हणाल्या. भीड मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बुधवारी नऊला पुन्हा त्यांचा फोन आला. शब्द लटपटत होते, एकमेकांत अडकत होते.

"माफ करा, तुमची जपानी कळत नाही," मोरिता-सान म्हणाल्या. "घरी जपानी बोलणारं कुणी आहे का? त्यांना फोन करायला सांगा."

घरी कुणीच नव्हतं. सुशील कामासाठी ओसाकाला, क्षिप्रा शिकायला क्योतोला. ताई मग मराठीत काही बोलल्या. तीही तुटत होती. जपानी अडली तरी त्यांची मराठी इतक्या वर्षांत एकदाही अडखळली नव्हती. हे त्या खोलीत फक्त मला कळलं. मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, फोनला स्वतःचा आवाज नसतो. मोरिता-साननी मला अलगद खाली ठेवलं.

पुढच्या आठवड्यात सुशील दवाखान्यात आले. त्या बुधवारी दुपारी शेजारणीला ताई जमिनीवर पडलेल्या सापडल्या होत्या. मेंदूतला रक्तपुरवठा अडला होता.

"जीव वाचला," सुशील म्हणाले. "वाचा गेली. तिने तुम्हाला फोन केला होता. काय म्हणाली ती?"

मोरिता-सान म्हणाल्या, "मला वाटलं, त्यांना जपानी येत नाही."

"उत्तम येत होती हो," सुशील हळूच म्हणाले.



त्यानंतर रोजच्या नंबरांपैकी सहा फोन करणाऱ्यांसाठी राखून ठेवू लागले. मदतीला आणखी एक बाई आल्या. हात बधिर झाला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळतंय असं कळलं, तर नंबर न देता लगेच रुग्णवाहिका बोलावायची, असं ठरलं. आता मी फार वेळ वाजत नाही.

ताईंच्या औषधांसाठी सुशील दर महिन्याला फोन करतात. परवा त्यांच्या मागे ताई एक शब्द बोलायचा प्रयत्न करत होत्या. नंबर मिळाला होता, तरी मोरिता-साननी मला खाली ठेवलं नाही. बाहेर लोक थांबले होते. चार मिनिटं गेली. शब्द आला नाही.

मित्रांनो, नव्या सोयी जरूर करा. पण ज्यांना त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, त्यांच्यासाठी फोनपाशी एक माणूस बसवा. आणि कुणाचं बोलणं कळलं नाही, तर भाषेला दोष देण्याआधी एवढंच विचारा, "तुम्ही कालही असंच बोलत होतात का?"