स्लॅबचा दिवस

पीएचडी करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. "किती राहिलं?" आणि "मग पुढं काय?" लग्नात विचारतात, किराणा दुकानात विचारतात, तेरवीच्या पंगतीतही विचारतात. निकेश भोयर दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर द्यायचा, "सरांच्या हातात आहे." लोक हसायचे. तो मात्र अगदी खरं तेच सांगत असायचा.

छत्तीस वर्षांचा निकेश वर्ध्याजवळच्या सेलूच्या शेतकरी घरातला. पुण्यात एका मोठ्या कंपनीत त्यानं नऊ वर्षं नोकरी केली. कोणत्या भागात कोणता शाम्पू किती खपेल, याचे अंदाज बांधायचं काम. एका वर्षी कंपनीनं त्याला त्याच्याच जिल्ह्यात पाठवलं, छोटी पाकिटं कुठे खपतील ते पाहायला. गावोगाव फिरताना त्याच्या लक्षात आलं की लहान गावांचे आठवडी बाजार ओसरत चालले आहेत. भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या बायांचा तो एक हक्काचा दिवस, तोच संपत चालला आहे. या बाया मग जातात कुठे? कंपनीला या प्रश्नाशी काही घेणं नव्हतं. निकेशच्या डोक्यातून मात्र तो जाईना. शेवटी त्यानं राजीनामा दिला. या विषयावर संशोधन करायचं आणि मग आपल्याच भागातल्या पोरांना शिकवायचं, असं ठरवून तो बायकोला घेऊन वर्ध्याला आला. रुचिकानं एका खाजगी शाळेत नोकरी धरली आणि म्हणाली, "चार वर्षं मी सांभाळते. तुम्ही मन लावून करा."

त्याचे मार्गदर्शक डॉ. उमाटे. नाव मोठं, भाषण सुंदर, ओळखी भरपूर. पहिल्याच भेटीत त्यांनी निकेशच्या खांद्यावर हात ठेवला. "हे पाहा, इथं कंपनीसारखं नसतं. इथं गुरू आणि शिष्य असतात."

निकेशला ते वाक्य फार आवडलं. कंपनीत नऊ वर्षं असं कुणी बोललंच नव्हतं!

सुरुवात लहान कामांपासून झाली. सरांची गाडी सर्व्हिसिंगला नेऊन देणं. सरांच्या मुलाचा प्रवेश अर्ज भरणं. मग सरांच्या नावानं छापायचा लेख लिहून देणं. मग सरांनी वर्ध्याला लागूनच नालवाडीला घर बांधायला काढलं आणि निकेशची सकाळ तिथंच उगवू लागली. विटा आल्या, मोजून घे. रेती आली, बघून घे. मजूर नाही आले तर भिंतींवर पाणी तूच मार. संशोधनाचं तिसरं प्रकरण सरांच्या टेबलावर आठ महिने पडून होतं, आणि त्यावर टाइल्सचा कॅटलॉग ठेवलेला होता.

एके सकाळी तो पाइप धरून भिंतीवर पाणी मारत होता. विटा वाहणाऱ्या मनकर्णाबाईंनी विचारलं, "सर, तुमाले याची हाजरी किती भेटते?"

"मजुरी? मला काही नाही."

"मंग काऊन करून राह्यले?" बाईंनी अगदी सरळपणे विचारलं. निकेशनं पाइप दुसऱ्या भिंतीकडे वळवला.

घरी रुचिकाही तेच विचारायची. "कंपनीतल्या साहेबानं असं काम सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं का हो?"

"तिथं राजीनामा देता येत होता," तो म्हणायचा. "इथं कुणाला देऊ? तीन वर्षं गेली आहेत माझी. सरांची एक सही नाही मिळाली तर तीनही पाण्यात."

नोकरी सोडून, बायकोच्या जिवावर, नातेवाइकांची बोलणी खाऊन तो आला होता. आता मागंही फिरता येत नव्हतं आणि पुढचं दार दुसऱ्याच्या हातात होतं.

विद्यापीठातल्या सरांच्या विभागातच अंकिता होती. अठ्ठावीस वर्षांची, जाम गावची. तिचे वडील तानबा यांचं हायवेच्या चौकात टायर-पंक्चरचं दुकान. घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. तीही उमाटे सरांचीच विद्यार्थिनी, निकेशनंतर वर्षभरानं आलेली. निकेशला ती दादा म्हणायची. आणि मित्रहो, इथंच ती गोष्ट घडली, जी निकेशनं कधी ठरवून केली नव्हती. एकदा त्याला ताप होता, म्हणून सरांच्या घरचं बिल भरायला त्यानं अंकिताला सांगितलं. ती हो म्हणाली. मग पुन्हा एकदा सांगितलं. पुढं पुढं सरांचं काम त्याच्याकडे यायचं आणि त्यातलं अर्धं तो न बोलता तिच्याकडे सरकवायचा. "आम्हीही केलंय, तुलाही करावं लागेल," असं तो हसत हसत म्हणायचा. आपण काही वाईट करतोय, असं त्याला वाटतही नव्हतं.

मग स्लॅबचा दिवस आला.

सर परगावी परिषदेला गेले होते. स्लॅबवर निकेशनं उभं राहायचं होतं. नेमकी त्याच दिवशी सेलूला भाजीवाल्या जिजाबाईंनी त्याला वेळ दिली होती. चार वेळा टाळून त्या बोलायला तयार झाल्या होत्या. त्यानं सकाळी अंकिताला नालवाडीला बोलावलं.

"दादा, आज माझी शिष्यवृत्तीची मुलाखत आहे," ती म्हणाली. "दुपारी दोनला, नागपूरला."

"मी अकराच्या आत येतो. तू फक्त तोपर्यंत उभी राहा. शब्द देतो."

जिजाबाई बोलत गेल्या आणि निकेश लिहीत गेला. फार दिवसांनी त्याला आपलं खरं काम करतोय असं वाटत होतं. फोन पिशवीत, आवाज बंद. त्यानं तो पाहिला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. अंकिताचे चौदा कॉल येऊन गेले होते.

इकडे नालवाडीला काँक्रीटचा मिक्सर मध्येच बंद पडला होता. अंकितानं सरांना फोन करून जायची परवानगी मागितली. सर म्हणाले, "स्लॅब अर्ध्यात सोडून जायचं नाही. मिस्त्रीवर माझा भरोसा नाही. निकेश येईपर्यंत हलू नकोस." ती हलली नाही. निकेश धावत पोचला तेव्हा सव्वा वाजला होता. मुलाखतीसाठी घातलेल्या तिच्या ड्रेसवर सिमेंटचे शिंतोडे होते. ती तशीच बसस्टँडकडे पळाली.

चार वाजता ती नागपूरला पोचली. मुलाखत घेणारे उठून गेले होते. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर परत आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरेरे! पण होतं असं. बाकी स्लॅब चांगला झाला ना?"

त्यानंतर अंकिता विभागात आली नाही. फोनही उचलेना. दहाव्या दिवशी निकेश जामला गेला. चौकात ट्रकांची रांग, धूळ, भज्यांचा वास. तानबा दुकानापुढं बसून टायर तपासत होते.

"बसा सर. अंकी घरी नाई. टान्सपोर्टच्या हापिसात कामाले लागली. चार दिवस झाले."

"काका, तिला समजवा. तिनं संशोधन सोडू नये. चूक उमाटे सरांची आहे."

"सरांची?" तानबांनी पकडीनं टायरातला खिळा ओढून काढला. "अंकी तं म्हणे, तुमीच तिले तिथं उभी केलती."

"म्हणजे... सरांनी मला सांगितलं, मी तिला सांगितलं. माझा नाइलाज होता काका. नाही म्हटलं असतं तर माझं सगळं अडकलं असतं."

"नाइलाज तं साऱ्यायलेच असते, सर." तानबांच्या आवाजात राग नव्हता. "एक सांगतो. मी पयले टरकावर क्लिनर होतो. उस्ताद, म्हंजे डायवर, मले रोज मारे. कपडे धुवाले लावे, पाय दाबाले लावे. मी म्हणो, जातीन हे दिवस. गेले बी. मी डायवर झालो. मंग माह्या गाडीवर एक जण क्लिनर आला. एक दिवस त्याच्या हातून पान्हा हरपला तं मी त्याच्या कानाखाली वाजवली. थो काईच नाई बोलला. निस्ता पायत राह्यला माह्याकडं. मी बी उस्तादाकडं तसाच पायत होतो ना सर! तवा समजलं, उस्ताद कुठी गेला नवता. माह्यात येऊन बसला होता."

तानबांनी हातातला खिळा डब्यात टाकला.

"मार वरून येते. थो आपल्याले चुकवता येत नाई, कबूल. पण खाली उतरवाचा का नाई, हे तं आपल्या हातात रायते."

"आता मी काय करू, काका?"

"मले काय समजते तुमच्या शिक्षणातलं? अंकी सांगे, निकेशदादा मोठी नोकरी सोडून आले, त्यायले शिकवाचं हाये. मी म्हणो, देवमाणूस दिसते." तानबांनी टायर बाजूला ठेवला. "मंग शिकवलंच ना तुमी माह्या पोरीले. काय शिकवलं, थे पाहा."

काय शिकवलं! ते निकेशला आता दिसलं. ज्या कामासाठी त्यानं हातचं सगळं सोडलं होतं, त्या कामातला पहिला धडा त्यानं दिला होता तो हा! गप्प राहा, सोस, आणि आपली पाळी आली की खालच्याला सोसायला लाव. सरांनी त्याला राबवलं, हे खरं होतं. पण अंकिताला तर त्यानंच राबवलं होतं!

थोड्या वेळानं अंकिता जेवायला घरी जाताना दुकानाशी आली. निकेशला पाहून थबकली.

"अंकिता, माझं चुकलं. तू परत चल. मी सरांशी बोलतो."

"मले तुमचा राग नाई, दादा," ती म्हणाली. विभागात ती नेहमी शुद्ध बोलायची, आज घरचं बोलत होती. "राग आला असता तं भांडून परत आली असती. पण आता विभागाच्या त्या जिन्यावर पायच उचलत नाई."

निकेश एकटाच वर्ध्याला परतला.

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या केबिनमध्ये गेला. "सर, आजपासून घराचं कोणतंही काम मी करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला सांगणारही नाही."

सरांनी चष्मा काढला. "विचार करून बोलतोयस ना? तुझा विषय माझ्या हाताखाली नोंदलेला आहे."

"हो सर. विचार करायलाच उशीर झाला."

त्यानं विद्यापीठाच्या समितीला अर्ज लिहिला. सगळं लिहिलं, स्लॅबच्या दिवशी स्वतः काय केलं तेही. विभागातल्या चार जणांनी सह्या करायचं कबूल केलं होतं. सह्यांच्या दिवशी चौघांपैकी एकही आला नाही. निकेशला त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती त्याला तोंडपाठ होती.

वाचकहो, इथं सत्याचा विजय झाला असं लिहायला मलाही आवडलं असतं. पण समितीनं कळवलं, सदर कामे संशोधकाने स्वेच्छेने केल्याचे दिसते. शिष्यवृत्तीच्या कार्यालयानं लिहिलं, पुन्हा मुलाखत घेण्याची तरतूद नाही. नालवाडीच्या घराची वास्तुशांती थाटात झाली आणि पंगतीत वाढायला विभागातलेच विद्यार्थी होते. निकेशला मार्गदर्शक बदलून मिळाला, पण त्यात सात महिने गेले आणि लिहिलेलं बरंचसं पुन्हा लिहावं लागलं. रुचिकाची चार वर्षं सहा झाली. ती एवढंच म्हणाली, "निदान आता घरी येता तेव्हा माझ्याकडे बघून बोलता."

आज निकेशच्या नावामागं डॉक्टर लागलं आहे. जवळच्याच एका महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर शिकवतो. दर उन्हाळ्यात काम संपतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील की नाही ते ठाऊक नसतं. कायम जागेच्या जाहिरातीची वाट पाहणं त्याच्या हाती आहे, बाकी काही नाही. मध्ये तो दोनदा जामला जाऊन आला, दुसऱ्या विद्यापीठाचे अर्ज घेऊन. अंकितानं अर्ज ठेवून घेतले, चहा पाजला. भरले मात्र नाहीत.

तरी एक गोष्ट तो न चुकता करतो. दर वर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांना तो स्लॅबच्या दिवसाची गोष्ट सांगतो. उमाटे सरांचं नाव घेत नाही, स्वतःचं मात्र वगळत नाही. आणि शेवटी म्हणतो, "मी किंवा दुसऱ्या कुणी शिक्षकानं तुम्हाला घरचं काम सांगितलं, तर नाही म्हणा. म्हणायची हिंमत नसेल तर माझ्याकडे या, मी तुमच्यासोबत येऊन म्हणतो. आणि तेही जमलं नाही, तर निदान ते काम मागच्याच्या गळ्यात घालू नका."

बंधुभगिनींनो, सासुरवास सोसलेली सासू, साहेबाचा जाच सोसलेला साहेब आणि गुरूची हमाली केलेला गुरू आपल्या घराघरांत, कार्यालयांत आहेत. आपण सोसलं म्हणून दुसऱ्यानंही सोसावं, याला परंपरा म्हणू नका, तो अन्यायच आहे. वरून येणारा अन्याय थांबवणं कदाचित आपल्या हातात नसेल. तो आपल्यापाशी थांबवणं मात्र नक्कीच आपल्या हातात आहे. आणि थांबवायचा तर आजच थांबवा, कारण उशिरा आलेल्या शहाणपणाला अंकिताची ती दुपार परत आणता आली नाही.