मार्टिनीतली बायको

नवऱ्याने आपल्याला मारून टाकलं आहे, हे तिला शिलाईच्या दुकानात कळलं. ती एका पँटची चेन बदलत होती. समोर कोट सैल करून घ्यायला आलेली बाई नाक पुसत सांगत होती, "काल आम्ही त्या मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये गेलो होतो हो. तिथला तो बारवाला, प्रोफेसर म्हणतात ना त्याला, त्याने आपली बायको कशी गेली ते सांगितलं. मला तर रडू आवरेना. कसलं प्रेम असतं एकेकाचं!"

"अगबाई," ती म्हणाली, आणि सुई बोटात घुसली.

प्रोफेसर म्हणजे शिकवणारा प्रोफेसर नव्हे. गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव ते. कुणी मार्टिनी मागितली की हा ग्लास गार करायला ठेवणार, बर्फावर जिन ओतणार, व्हर्मूथ नावाची कडवट वाइन जराशी घालणार, लांब दांड्याच्या चमच्याने ढवळत राहणार, आणि ढवळता ढवळता व्याख्यान सुरू. मार्टिनी पहिल्यांदा केली कुणी? कुणी म्हणतं, सोनं शोधायला निघालेल्या एका खाणवाल्यासाठी कुठल्याशा गुत्त्यात झाली. कुणी म्हणतं, छे, बड्या हॉटेलात झाली. कुणी म्हणतं, व्हर्मूथच्या बाटलीवरचं नावच हिला चिकटलं. "पुरावा कशालाच नाही," हा हसून म्हणायचा, "म्हणजे जो चांगलं सांगेल त्याचं खरं." मग सिनेमांची पाळी. जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांत नवराबायको हाच ग्लास हातात धरून एकमेकांना टोमणे मारायची. पुढे गुप्तहेर आले, त्यांनी ती जोरजोरात हलवून मागायला सुरुवात केली आणि जगभरच्या बारवाल्यांच्या डोक्याला ताप करून ठेवला. मग आल्या एकट्या बायका, काउंटरवर बसून ऑलिव्हशी चाळा करणाऱ्या. एवढं सगळं झालं की ग्लास पुढे सरकवायचा आणि आवाज खाली आणायचा. "माझ्या बायकोने शेवटचा घोट घेतला, तो याचाच."

मग हॉस्पिटल. मग रुमाल झाकून नेलेला गार ग्लास. हातात हात. ती एक घोट घेते, म्हणते, "थोडं कडू आहे, नाही?" आणि डोळे मिटते. बस्स! अख्खा काउंटर गप्प. बायका पर्समध्ये रुमाल शोधतात, पुरुष उगाच खोकतात.

आणि ही इकडे जिवंत, धडधाकट, संध्याकाळच्या आमटीला फोडणी देतेय. आयुष्यात मार्टिनीचा थेंब तिच्या जिभेला लागलेला नाही.

त्या दिवशी तो घरी आला तेव्हा तिने सरळच विचारलं, "अहो, मी मेले कधी?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग खुर्चीत बसला, बूट काढले, पुन्हा घातले, आणि सांगितलं. तिचं अपेंडिक्स फुटलं होतं ना, सगळ्या पोटात विष पसरलं होतं, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्या म्हटलं होतं, त्या संध्याकाळी तो बारमध्ये ड्यूटीवर होता. समोरच्या गिऱ्हाइकाला बोलून गेला की बायको चालली. दोन दिवसांनी तेच गिऱ्हाईक आलं, गळ्यात पडलं, रडलं. "आता त्याला काय सांगू, वाचली म्हणून? तो एवढा रडत होता."

"वा! म्हणजे त्याचं रडणं फुकट जाऊ नये म्हणून मी मरायचं?"

"तुझं काय बिघडलं त्यात?"

काय बिघडलं! दुसरी एखादी असती तर तिने भांडी आपटली असती. हिलाही राग आला, नाही असं नाही. दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण मग हिने आपल्या मनाची एक समजूत घातली आणि ती इतकी घट्ट घातली की पुढे कधी उसवली नाही. त्या संध्याकाळी हॉस्पिटलात ती दाराकडे डोळे लावून पडली होती. शेजारीण उशाशी होती, नर्स येत होती, जात होती, आणि दार उघडलं की हिचा जीव गोळा व्हायचा. तो आला दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणाला, "मॅनेजरने सोडलंच नाही गं. हातापाया पडलो." आणि हिने ते धरलं. बिचाऱ्याला येऊ दिलं नाही. म्हणून तर तो रोज त्या बारमध्ये उभा राहून मनातल्या मनात हॉस्पिटलात येतो, ग्लास आणतो, हात धरतो. जे करायला मिळालं नाही ते सांगून घेतो. ही समजूत होती म्हणून ती मेलेली राहायला तयार झाली.

राग सगळा मॅनेजरवर. त्या मेल्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, पण बदली होऊन दुसऱ्या गावच्या हॉटेलात जायच्या आधी त्याची नवी पँट दुकानात शिवणीला आली. तिने डावा पाय बोटभर आखूड शिवून दिला. जाऊ दे नव्या जागी लंगडत. त्या दिवशी तिला फार गोड झोप लागली.

वर्षं गेली. हॉटेलात माणसं टिकत नाहीत. जुनी गेली, नवी आली, आणि नव्यांना प्रोफेसर विधुर म्हणूनच ठाऊक. बारच्या वाटेला जायचं नाही हा घरातला अलिखित नियम झाला. आणि मग एक सिनेमावाला त्या काउंटरवर येऊन बसला, मार्टिनी प्यायला, पोटभर रडला आणि म्हणाला, यावर मी सिनेमा काढतो. इथेच काढतो, याच बारमध्ये.

प्रोफेसरला आभाळ ठेंगणं झालं. घरात आरशासमोर उभा राहून मान तिरकी करून बघायला लागला. "ज्या ग्लासाचे सिनेमे मी लोकांना सांगितले, त्यात आता माझाही एक," असं चारदा म्हणून झालं. पाचव्यांदा म्हणायच्या आत दिग्दर्शकाचा घरी फोन आला आणि तो हिने उचलला.

"फोनवर बाई कोण होती म्हणून सांगितलंत मग त्यांना?" तिने विचारलं.

"मी बहीण म्हणून सांगितलं." तो चमच्याकडे बघत बोलला. "आता ती नटी हटून बसलीय. जी तुझं... जी बायकोचं काम करतेय ती. म्हणते, तुमच्या बहिणीला भेटायचंय, तिने वहिनीला जवळून पाहिलं असेल. अगं, एक तासाचं काम आहे. मला दादा म्हण, म्हणजे झालं."

"तुम्हाला दादा म्हणू?"

"आणि अरेतुरे कर. कुणी विचारलं नवरा काय करतो, तर सांग, बाहेरगावी असतो, कामातून सुटत नाही, घरी कधी येत नाही."

"ते पाठ करायला नको मला," ती म्हणाली.

गेली मात्र. का गेली, तर एकदा बघावं म्हणून. ज्या जागेत आपण इतकी वर्षं मरतोय ती जागा तरी बघून घ्यावी.

भर सकाळी बारच्या खिडक्यांना काळे कपडे लावून संध्याकाळ केलेली होती. जमिनीवर जाडजूड वायरी. काउंटरवर ओळीने मार्टिनीचे ग्लास, आणि एक मुलगी प्रत्येकात पाणी ओतून वाकून बघत होती, पाणी सगळ्यांत एकाच उंचीला आहे ना. "पाणी घालतायत," प्रोफेसर तिच्या कानाशी पुटपुटला, अगदी दुखावलेल्या आवाजात. "जिनसारखं ते हलतं तरी का?" कडेच्या सोफ्यावर एक पांढऱ्या केसांचा गृहस्थ बसला होता, निवृत्त, मुद्दाम शूटिंग बघायला बोलावलेला. त्याने दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. कोण ते तिला कुणी सांगितलं नाही.

नटी पोरगेलीशी होती, डोळे मोठे, आणि वागायला खरंच गुणी. तिने हिला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसली. "ताई, सांगा ना, कशा होत्या तुमच्या वहिनी?"

आता आली का पंचाईत! नणंदेने भावजयीबद्दल बोलायचं म्हणजे कौतुक तरी किती करायचं? "बरी होती," ती म्हणाली. "स्वयंपाक जेमतेम. तोंडाने फटकळ. शिवण मात्र चांगलं."

नटी हसली. "आणि दादांवर खूप प्रेम?"

"असावं. नाहीतर कोण राहतंय."

"दादा सांगत होते, दर रविवारी तिला सिनेमाला न्यायचे. तिच्यासाठी फुलं आणायचे."

फुलं! रविवारी तर हा बारा वाजेपर्यंत लोळायचा आणि उठला की कावून बोलायचा. मेलेलीला मात्र फुलं, मेलेलीला सिनेमा, मेलेलीला गार ग्लास. आपल्या मागे आपल्याच घरात कुणी दुसरीच नांदून गेल्यासारखं तिला वाटलं, आणि त्या दुसरीचा तिला भयंकर हेवा वाटला.

"शेवटचा सीन करून दाखवू? चुकत असेल तर सांगा हं." नटी उशीला टेकल्यासारखी मागे रेलली, आपलाच एक हात दुसऱ्या हातात घेतला, पाण्याचा ग्लास ओठाला लावला आणि इतक्या हळू, इतक्या समाधानाने म्हणाली, "थोडं कडू आहे, नाही?"

हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं दिलं होतं तिने त्या मेलेलीला, पण ती संध्याकाळ हिची स्वतःची होती. ते दार हिचं होतं.

"तो आलाच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ग्लास नाही, हात नाही, काही नाही. ती एकटी होती. दाराकडे बघत होती. चप्पल वाजली की तिला वाटायचं हाच. रात्र होत आली तशी नर्स म्हणाली, डोळे मिटा आता, तर ही मिटेना. मिटले आणि तेवढ्यात तो आला तर?"

नटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने दिग्दर्शकाला हाक मारली, तो धावत आला, ऐकलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे केवढं मोठं आहे! प्रोफेसर, हे तुम्ही लपवून ठेवलंत? ती वाट बघत गेली?"

प्रोफेसर काउंटरच्या मागे उभा होता. चेहरा पांढराफटक. त्याची ती अवस्था बघून हिला दया आली, तेवढ्यातही आली, आणि तीच पुढे झाली. जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरेतुरे करून म्हणाली, "सांग ना रे दादा. घाबरतोस काय आता? मॅनेजरने सोडलं नाही म्हणून सांग. तो हातापाया पडला होता हो, पण त्या राक्षसाने सोडलंच नाही."

सोफ्यावरचा पांढऱ्या केसांचा गृहस्थ उठून उभा राहिला. "राक्षस? अहो बाई, मॅनेजर मीच होतो तेव्हा." तो म्हणाला. "मी सोडलं नाही? दोनदा येऊन सांगितलं मी याला, जा, काउंटर मी बघतो. टॅक्सी आणून दारात उभी केली होती. शेवटी टॅक्सीवाला कंटाळून निघून गेला. अरे प्रोफेसर, बोल की!"

ग्लासात पाणी ओतणारी मुलगीसुद्धा पाण्याचा जग हातात धरून थांबली. ही नवऱ्याकडे बघत राहिली. नाही म्हण, तिला वाटत होतं. म्हातारा खोटं बोलतोय म्हण. इतकी वर्षं इतक्या लोकांना थापा मारल्यास, आता माझ्यासाठी एक मार.

पण त्या माणसाने नेमकं तेव्हाच खरं बोलायचं ठरवलं.

"निघणारच होतो," तो म्हणाला. "कोटही घातला होता. एकाला म्हटलं, बायको चालली माझी. तर तो गप्प झाला. मग शेजारचे गप्प झाले. सगळा काउंटर माझ्याकडे बघायला लागला. आयुष्यात कधी कुणी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, कशी आहे हो ती? मी सांगायला लागलो. आणि मग... मला तिथून निघवेना."

दिग्दर्शकाने खुणेनेच सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. त्याचे डोळे चमकत होते. त्याला आणखी मोठा सिनेमा सापडला होता.

नटी मात्र हिच्याजवळ आली. गुडघ्यांवर बसली, हिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि हळूच विचारलं, "ताई, हे कळलं होतं का हो तिला? जाताना?"

तिने त्या पोरीकडे पाहिलं. काउंटरच्या मागे नवरा मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होता, गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडे बघतं तसा.

"नाही," ती म्हणाली. "तिला नाही कळलं. ती मॅनेजरलाच शिव्या देत गेली. सुटली बिचारी."