घंटा झाली की साखर

“घंटा व्हरतंस तर व्हर गो, पण चेडवाच्या कानार पडाक देव नको,” सकाळची पूजा आटपून मंजुळाबाईंनी सुनेला बजावलं होतं. अनुपमाने ‘हो हो’ म्हणत देव्हाऱ्यातली पितळी घंटा पर्समध्ये टाकली. मुलुंडच्या तिच्या कॉलेजात आज आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा, आणि टेबलावरची घंटा ऐन वेळी मुकी झालेली. दीड वर्षाच्या पोरीला घंटेचं काय कळतंय? रोज पूजेची घंटा वाजली की जया हात पुढे करते आणि आजी तिच्या तळव्यावर चिमूटभर साखर ठेवते, हे ती घाईत विसरलीच.

सासूबाईंना डोळे दाखवायला घाटकोपरला जायचं होतं, म्हणून जयाला बरोबर आणणं भाग पडलं. नणंद सुनंदा तिला घेऊन स्टेजमागच्या खोलीत बसली. अनुपमाचा अर्धा जीव त्या खोलीत, अर्धा पहिल्या रांगेतल्या प्राचार्य सामंतांपाशी. त्यांनी आधीच म्हटलं होतं, “मॅडम, घरी लहान मूल. झेपेल ना? गडबड झाली तर पुढच्या वर्षी स्पर्धा दुसऱ्या कुणाकडे देऊ.” स्पर्धा सुरू केली होती अनुपमाने. दुसरं कुणी म्हणजे कोण?

त्यात पोरांनी निवडलेला विषयही मेला नेमका: ‘नोकरी करणाऱ्या आईमुळे मुलांची आबाळ होते.’

पार्ल्याचा चंद्रप्रकाश विषयाच्या बाजूने असा तापला की दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटचं मिनिट उरलं, तशी वेळ बघणाऱ्या मुलीने इशाऱ्याची घंटा वाजवली. तिन्ही परीक्षकांचे हात सवयीने जोडले गेले. आणि विंगेतून जया आली. एकाच पायात मोजा, हात पसरलेला, थेट वक्त्यासमोर.

“शाकल!”

सभागृहात हशा फुटला. अनुपमा उठली ती तशीच थबकली. भाषण चालू असताना स्टेजवर कुणीही जायचं नाही, हे सकाळी माइकवरून तिनेच ठणकावलं होतं.

“बघा!” चंद्रप्रकाश हरखला. “पुरावा स्वतः चालत आला! कुठे आहे या बाळाची आई?”

“वाट लागली,” अनुपमा पुटपुटली. विंगेतून सुनंदा कपाळावर हात मारून दाखवत होती.

वेळ संपल्याची घंटा झाली. जयाने दुसराही हात पुढे केला. अनुपमा पायरीपर्यंत पोचते तोवर बोरिवलीच्या नलिनीने पोरीला कडेवर उचललं आणि विरोधी बाजू मांडायलाच सुरुवात केली.

“मित्रहो, पुरावा नीट तपासा! हे गाल बघा. आबाळ झालेलं मूल इतक्या हक्काने मागतं? ज्याला घरी मिळतं ना, तेच असा हात पसरतं. काय रे चंद्रप्रकाश?”

टाळ्या पडल्या. सामंत सर उठले, स्टेजच्या कडेला गेले आणि खिशातून श्रीखंडाची गोळी काढून त्यांनी जयापुढे धरली.

“सर, गोळी नको! घशात अडकेल!”

नियम गेला खड्ड्यात. अनुपमा धावत स्टेजवर पोचली होती. आई कोण ते आता शेवटच्या रांगेलाही कळलं.

“आणि म्हणे आबाळ!” नलिनीने माइकवर तेवढंच म्हटलं.

सरांनी गोळीकडे पाहिलं आणि ती स्वतःच तोंडात टाकली. “मॅडम, पुढच्या वर्षी घंटेशेजारी साखरेचा डबा ठेवा. विसराल, म्हणून आत्ताच सांगतो.”

आता अनुपमा निकालाचा कागद घेऊन माइकपाशी उभी आहे. शांततेसाठी अजून एकदा घंटा होणार, आणि तिला तर हलता येत नाही. तुम्ही दाराजवळ आहात ना? जरा मागच्या खोलीत डोकावता का? सुनंदाचा डोळा लागला असेल. जया झोपलीय का बघा. आणि हो, तिच्या तोंडात काही नाही ना, तेही.