मशीनचं कपाळ

अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला तेव्हा मी नांदेडला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अकरावीच्या मुलींना व्हर्नियर कॅलिपर वाचायला शिकवत होते. शुक्रवार होता. अव्वा कधी कॉलेजच्या वेळेत फोन करत नाही, म्हणून बाहेर जाऊन घेतला.

"मंजू, तुझे अप्पा मशीन विकून राहिलेत," ती म्हणाली. "भंगारात. कामाचे तिन्ही शर्ट धुऊन, घड्या घालून ठेवलेत."

मशीन म्हणजे लेथ, लोखंड फिरवत तासायचं यंत्र. उदगीरला आमच्या घराला लागून अप्पांचं वर्कशॉप आहे आणि त्यात ही एकच मोठी वस्तू. मी दोन वर्षांची असताना अप्पांनी ती एका बंद पडलेल्या गिरणीतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणली. त्याला अडतीस वर्षं झाली.

झालं होतं ते इतकंच, की विरूपाक्ष शेठच्या डाळ मिलसाठी अप्पांनी केलेला शाफ्ट मंगळवारी परत आला होता. त्याच्या अंगावर बारीक लाटा उठल्या होत्या. अडतीस वर्षांत परत आलेलं हे पहिलं काम. शेठ बिचारे सौम्यपणे म्हणाले, "असू द्या गुंडप्पा, वय झालं." कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. अप्पांनी घरी येऊन 'मशीनचं वय झालं' असं सांगितलं आणि लातूरच्या भुजंग भंगारवाल्याला फोन लावला.

"तो शनिवारीच येणार होता," अव्वा म्हणाली. "मी म्हणलं, शनिवारी लोखंडाचा व्यवहार करू न्हाई. सोमवारवर ढकललंय. दोन दिस मिळाले तुला."

"मला?"

"मग काय मला? फिजिक्स तू शिकलीस का मी?"

मी विचारलं, मशीनचा आवाज कसा येतो. अव्वानं नीट विचार करून सांगितलं, "आधी गुणगुणायची. आता ज्वारी दळल्यासारखी करती."

लेथमध्ये काम पकडणारा जो दांडा फिरतो त्याला स्पिंडल म्हणतात. तो दोन बेअरिंगांवर फिरतो. बेअरिंग झिजलं की दांडा जागच्या जागी डुलतो आणि ते डुलणं शाफ्टवर लाटा होऊन उमटतं. हे इतकं सरळ होतं, की मला तिथे व्हरांड्यातच हसू आलं. मशीनसोबत आलेलं पुस्तक देवघरात विभूतीच्या डब्याखाली असतं. अव्वाला त्याच्या पानांचे फोटो पाठवायला सांगितले. तिनं अकरा पाठवले. सातांमध्ये तिचा अंगठा होता, तिनांमध्ये बसवेश्वरांची तसबीर. नवव्या फोटोत अंगठा आणि तसबीर यांच्यामधल्या जागेत बेअरिंगांचे नंबर दिसले. दुकान बंद व्हायच्या आत, शुक्रवारीच, दोन्ही घेतली. शनिवारी घेतली असती तर अव्वानं ती घरात येऊ दिली नसती.

एसटीत दोन्ही खोकी मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मिठाई का?" मी हो म्हटलं. मग उदगीरपर्यंत मला एकटीलाच हसू येत राहिलं.

अप्पा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. खोकी बघून म्हणाले, "हेड उघडायचं न्हाई. हबीब उस्तादानं मला पयल्याच दिवशी सांगितलंय. मशीनचं डोकं उघडलं की मशीन गेली."

"अप्पा, ती भंगारात जाणारच आहे ना? मग जाण्याआधी आत काय झालंय एवढं बघू द्या."

अप्पांनी एक खोकं हातात घेऊन वजन बघितलं. मग म्हणाले, "बघ. पण मी भुजंगला शब्द दिलाय, त्याला फोन करून सांगतो. सोमवारी भुजंग आला की त्याच्यासमोर मशीन चालू करायची आन् डोक्यावर नाणं उभं करायचं. उभं राहिलं तर मशीन राहील. पडलं तर गाडीत. मंग तू बी काय बोलायचं न्हाई, तुझी आई बी न्हाई."

नाण्याची परीक्षाही हबीब उस्तादांचीच, ज्यांच्या हाताखाली अप्पा लेथ शिकले. चालू मशीनच्या डोक्यावर जुनं, जाड पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं राहिलं तर मशीन निरोगी.

"राहिलं तर शर्ट घालाल?" मी विचारलं.

अप्पा भिंतीकडे वळले. "घालीन."

रविवारी सकाळी सहाला मी काम सुरू केलं. अप्पांनी स्टूल वर्कशॉपच्या बाहेर, अंगणात टाकलं होतं, पाठ माझ्याकडे. मी तेल काढलं, काम पकडणारा जबडा, म्हणजे चक, उतरवला, गिअर एकेक करून सोडवले आणि कागदावर नंबर घालून ओळीनं मांडले. मागचं मोठं चाकीसारखं नट हलेना.

"उलटे आटे हायत त्याला," पाठ म्हणाली.

मी उलटं फिरवलं. सुटलं. दहा मिनिटांनी बघते तर स्टूल उंबऱ्यावर. लाकडाचा ठोकळा ठेवून स्पिंडल मागून ठोकायला घेतला तेव्हा ते उंबऱ्याच्या आत आलं होतं. "अगं हळू, लगीन लावून राहिलीस का नारळ फोडून राहिलीस?" असं ऐकू आलं, तेव्हा अप्पा माझ्या शेजारी उभे होते आणि ठोकळा त्यांच्या हातात होता.

पुढचं बेअरिंग हातात आलं आणि दोघंही त्यावर वाकलो. आतल्या रोलरांवर खड्डे पडले होते. बोट फिरवलं तर करवतीसारखं लागत होतं.

"हे कसं काय?" अप्पा म्हणाले. "मी रोज तेल घातलंय. एक दिवस चुकवला न्हाई."

तेवढ्यात अव्वानं चहाला हाक मारली आणि ते गेले. मी तेल साठायच्या खोबणीत बोट घातलं. विटकरी रंगाचा लगदा निघाला, त्यात करड्या रेघा. दोन बोटांत चोळला. खरखरीत होता, व्हॉल्व्ह घासायची पेस्ट असते अगदी तसा. त्यातून एक तांदळाचा दाणा निघाला.

मी दाण्याकडे बघितलं आणि मग वर, हेडच्या पुढच्या बाजूला. तिथे तेल घालायचं भोक आहे. त्याचं झाकण माझ्या लहानपणीच हरवलं. आणि भोक बरोब्बर त्या जागी आहे, जिथे माणसाच्या कपाळाचा मध्य असतो. दर सोमवारी अप्पा आंघोळ करून येतात, मशीनच्या कपाळावर तीन बोटांनी विभूतीचे तीन पट्टे ओढतात आणि मधोमध कुंकवाचं बोट टेकतात. मग तेल घालतात.

मी मनात गुणाकार केला. अडतीस गुणिले बावन्न, एक हजार नऊशे शहात्तर सोमवार. राख, कुंकू आणि वर तेल. माझे अप्पा देवभावानं स्वतःच्या मशीनला अडतीस वर्षं घासत होते.

हे त्यांना कसं सांगायचं, मला सुचेना. लगदा पुसला आणि दाणा रुमालात बांधला.

नवं बेअरिंग स्पिंडलवर हातोडीनं ठोकून बसवायचं नसतं, ठोकलं की बसायच्या आधीच दुखावतं. ते गरम करायचं, दांडा गार करायचा. सत्तर अंशांनी तापवलं की बेअरिंगचं छिद्र साधारण सहा शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. केसाएवढं. तेवढं पुरतं. अव्वानं भज्यांची जुनी कढई दिली. त्यात तेल, तेलात तारेला टांगलेलं बेअरिंग आणि प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर.

"भज्याला मी एवढं कधी बघितलं न्हाई," अव्वा झारा घेऊन उभी होती. "फुगलं की सांग."

"फुगलेलं दिसत नाही, अव्वा."

"मंग कळायचं कसं? चाखून?"

बर्फ आणायला ती गोळेवाल्याकडे गेली आणि तणतणत परत आली. त्यानं विचारलं होतं, कुठला रंग टाकू. बर्फ फडक्यात बांधून आम्ही स्पिंडलभोवती गुंडाळला. ताप आलेल्या पोराला पट्ट्या ठेवतात तसे अप्पा त्या बदलत होते.

शंभरला पोचलं. चामड्याचे हातमोजे घालून मी बेअरिंग उचललं, स्पिंडलवर धरलं आणि सोडलं. ते सरळ खाली घसरलं आणि खट् करून जागेवर बसलं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "बसलं?"

"बसलं."

"हातोडी न मारता?"

"हो."

"परत काढून दाखव."

"आता निघत नाही, अप्पा. गार झालं. घट्ट झालं."

"लई लबाड हाय हे," ते म्हणाले आणि दुसऱ्यासाठी स्वतः हातमोजे घातले. दुसरं बसलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. हातमोज्यांमुळे तिचा आवाज आला नाही, म्हणून काढून परत वाजवली.

स्पिंडल परत हेडमध्ये बसवला. शेवटचं नट किती आवळायचं ते पुस्तकात होतं, पण त्या पानावर अव्वाचा अंगठा नव्हे, वाळवी पडली होती. अप्पांनी मला बाजूला केलं. स्पिंडल हातानं फिरवला, नट थोडं आवळलं, परत फिरवला, डोळे मिटले, आणि उरलेली नखाएवढी फिरकी दिली. "हे तुझ्या फिजिक्समध्ये न्हाई." नव्हतंच. मी सुईचा डायल गेज लावून बघितलं, डुलणं जवळजवळ शून्य.

मला तेव्हाच बटण दाबायचं होतं. अप्पांनी हात धरला. "उद्या. भुजंगसमोर. शब्द हाय."

सोमवारी साडेसातला भुजंग आला. टेम्पो मागे घेत थेट वर्कशॉपच्या दाराशी लावला, दोन लोखंडी पाट उतरवले आणि मशीनच्या पायापर्यंत नेऊन भिडवले, वर ओढायला. "राम राम गुंडप्पा. नाण्याचं काय ते लवकर उरका. मला जळकोटला दुसरा माल उचलायचाय."

अप्पा आंघोळ करून आले. हातात ताट. तीन बोटं विभूतीत बुडवून त्यांनी मशीनच्या कपाळाकडे नेली. मी भोकावर तळहात ठेवला.

"हात काढ."

"नाही अप्पा."

"मंजू, सोमवार हाय. हात काढ."

मी रुमाल सोडून तांदळाचा दाणा दाखवला. मग सगळं सांगितलं. लगद्याचा रंग, राखेतले बारीक कण, एक हजार नऊशे शहात्तर सोमवार. मला थोडक्यात सांगता येत नाही. ताट तसंच. बोटं तशीच वर. अप्पांच्या तोंडाकडे बघायची माझी छाती होईना.

"तांदूळ तुझ्या अप्पांचा न्हाई," अव्वा मागून म्हणाली. "माझाय. ते गेल्यावर मी अक्षता टाकायची. एकट्या इभूतीनं तिचं पोट कसं भरंल, म्हणून."

"भोकात?" अप्पांनी विचारलं.

"मंग काय? तोंड वाटलं मला ते."

भुजंगच आधी फुटला. मग अप्पांच्या पोटातून काहीतरी वर येताना दिसलं, ताट थरथरलं, कुंकू सांडलं, आणि ते मशीनला धरून हसायला लागले. "कपाळ समजून मी राख चारली, आन् ही तोंड समजून अक्षता! आन् तरी बिचारीनं अडतीस वर्षं..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. डोळे पुसायला हात नेला, पण बोटांना विभूती होती. उचललेली विभूती परत ताटात टाकत नाहीत. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि तीन पट्टे माझ्या कपाळावर ओढले.

अव्वानं आपल्या कुंकवाच्या करंड्याचं पितळी झाकण आणलं. अप्पांनी एका नजरेत मापलं. भोकावर घट्ट बसलं. मग त्यांनी झाकणावर कुंकवाचं बोट टेकलं. "आता काय जात न्हाई आत."

मी बटण दाबलं.

दळण नव्हतं. मशीन गुणगुणत होती. अव्वानं तोंडाला पदर लावला. अप्पांनी खिशातून नाणं काढलं, हेडवर कडेनं उभं केलं, बोटं सोडली.

नाणं थरथरलं आणि पडलं.

परत उभं केलं. परत पडलं. अप्पांनी तिसऱ्यांदा केलं नाही. नाणं खिशात टाकलं आणि एक पाऊल मागे सरकले. "घे भुजंग. वर घे."

"थांबा," मी म्हटलं. पेचकसाचं टोक हेडला लावलं, मूठ कानाला. आत स्वच्छ, एकसारखी गुणगुण. कुठेही खरखर नाही. मग हे हलणं कुणाचं? मी मशीन बंद केली. चाक थांबेपर्यंत वाट बघितली. अव्वाच्या हातातून पाण्याचा तांब्या घेऊन थांबलेल्या मशीनवर ठेवला.

पाण्यावर बारीक गोल लाटा उठत होत्या.

मशीन बंद होती आणि तरी थरथरत होती. मी खाली बघितलं. पायाला भिडलेले दोन लोखंडी पाट. पाटांच्या दुसऱ्या टोकाला टेम्पो. टेम्पोचं इंजिन धडधडत होतं.

"भुजंगकाका, गाडी बंद करा!"

"बंद करता येत न्हाई ताई. स्टार्टर गेलाय. एकदा बंद केली की ढकलावी लागती."

"बंद कर!" अप्पा एवढ्यानं ओरडले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

भुजंगनं किल्ली फिरवली. तांब्यातलं पाणी आरशासारखं झालं. मी तांब्या काढला, बटण दाबलं, मशीन गुणगुणायला लागली. अप्पांनी नाणं काढलं. ते त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी उभं केलं आणि सोडलं.

ते उभं राहिलं. आम्ही चौघं बघत होतो. मी सवयीनं सेकंद मोजत होते. साठला मला राहवलं नाही, "अप्पा!" म्हणून ओरडले. अव्वा म्हणाली, "वरडू नको, पडंल." पण ते पडलं नाही.

अप्पा घरात गेले आणि कामाचा शर्ट घालून आले, छातीवर घडीची आडवी रेघ तशीच.

"मंग मी काय नेऊ?" भुजंगनं विचारलं. अव्वानं त्याच्या हातात दोन जुनी बेअरिंगं दिली.

त्याला आम्ही तिघांनी मिळून गल्लीच्या वळणापर्यंत ढकललं. अव्वा पदर खोचून, अप्पा सगळ्यांत पुढे, विनाकारण "हां, अजून!" ओरडत. दोनदा धक्के खाऊन टेम्पो चालू झाला आणि जळकोटच्या दिशेनं रिकामाच गेला. चालू मशीन सोडून कुणी बाहेर जायचं नसतं, हे मला अर्ध्या वाटेत आठवलं आणि मी पळत परत आले.

नाणं उभं होतं.

मागून अप्पा धापा टाकत आले, त्यांनी बघितलं आणि बाह्या वर सारल्या. "विरूपाक्षला फोन लाव," ते म्हणाले. "म्हण, शाफ्टसाठी नवी सळई आणून टाक. वय झालं म्हणला न्हवं? त्याला म्हण, मशीननं केस काळे करून घेतलेत."